ॲव्हरेज किती देते?

पोर्शे ९११ या गाडीचं इंजिन आधी हवेनं थंड व्हायचं. हवेवरची शेवटची ९११ कारखान्याबाहेर पडली ती १९९८ साली, आणि पुढच्या साऱ्या पाण्यावर गेल्या. याचं सुतक यवतमाळात अजून फिटलेलं नाही. सुतक पाळणारे संख्येनं थोडे आहेत, पण कट्टर आहेत. संध्याकाळी दत्त चौकात चहाच्या टपरीवर त्यांची बैठक उभ्यानं भरते आणि ‘हवेच्या इंजिनाचा आवाज तो आवाज’ या वाक्यावर दुसरा चहा येतो. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी पाजणारी दोन्ही धरणं आटली. अख्खं गाव टँकरमागं बादल्या घेऊन धावत होतं, तेव्हाही या मंडळींचा विषय बदलला नाही. टँकरच्या रांगेत माझ्या पुढं उभा असलेला एक जण रिकामी बादली या हातातून त्या हातात घेत म्हणाला, ‘‘पोर्शेवाल्यांनी पाण्याच्या नादी लागायलाच नको होतं.’’ त्या दिवशी मला ते प्रथमच पटलं.

यातल्या एकानंही ९११ला हात लावलेला नाही. एक जण मंत्रालयात कामासाठी मुंबईला गेला असताना मरीन ड्राइव्हवर त्याच्या शेजारून एक पिवळी सुसाट गेली. पण तो टॅक्सीत डाव्या खिडकीशी होता आणि ती उजवीकडून गेली, त्यामुळे दर्शन मागच्या दिव्यांपुरतंच झालं. तेवढ्या दर्शनावर आजही बैठकीत त्याच्या चहाचे पैसे कोणी घेत नाही. बाकीच्यांची भक्ती शुद्ध निर्गुण. सगुण भक्तीला मूर्ती लागते, देऊळ लागतं, मूर्तीला दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग लागतं. निर्गुणाला एक मोबाइल पुरतो.

विदर्भासह साऱ्या राज्याचा अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली. जर्मन स्पोर्ट्‌स गाड्यांच्या बाबतीत हा जिल्हा किती मागं आहे, हे तिनं काही मोजलं नाही. तिकडे कोल्हापूरला शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते आणि सारं गाव ती डोळे भरून पाहतं. मराठवाड्यानं तर कहर केला. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादेत (तेव्हाचं नाव तेच) दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या गेल्या. रक्कम पासष्ट कोटींच्या घरात. ती बातमी वाचून आमच्या एका मित्रानं पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि खिन्नपणे म्हणाला, ‘‘दीडशे घेतल्या राजेहो, अन् साऱ्या नव्या! जुनी एकबी नाही!’’ त्याच्या दारात तेव्हा एक स्कूटर होती. ती मात्र बरीच जुनी होती.

बैठकीतल्या या मंडळींत पंथ आहेत. ऑडीचा पंथ रवी शास्त्रींनी स्थापन केला, हे सर्वमान्य आहे. १० मार्च १९८५, मेलबर्न, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. सामना जिंकला, शास्त्रींना ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ म्हणून ऑडी १०० मिळाली आणि त्यांनी ती तिथंच मैदानात फिरवली. आत, बॉनेटवर, टपावर, जागा मिळेल तिथं संघ चढलेला. ऑडी १०० ही खरं तर चार दरवाजांची, बायकामुलांना घेऊन फिरायची घरगुती गाडी. पण एकाच वेळी इतके खेळाडू अंगावर वागवल्यानंतर तिला स्पोर्ट्‌स कार न म्हणणं हा कोतेपणा झाला. शिवाय आत जेवढे तेवढेच बाहेर, हा नियम आमच्या जिल्ह्याला ओळखीचा होता. जर्मन गाडी आपल्यासारखीच चालवता येते, हे पहिल्यांदा कळलं ते तेव्हा. २०२२मध्ये गौतम सिंघानियांनी ती गाडी नव्यासारखी करून शास्त्रींच्या हवाली केली. त्या दिवशी या पंथानं पेढे वाटले. शास्त्रींना त्याचा पत्ता नसावा.

पोर्शेचा पंथ वयानं लहान. तो सायबर कॅफेत जन्मला. २००० साली ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेतला एक खेळ आला, त्यात सगळ्या गाड्या पोर्शेच्याच. सुरुवात १९५०च्या ३५६पासून, आणि शर्यती जिंकत एकेक दशक चढत यायचं. १८५७च्या उठावाची पाच कारणं ज्याला बारावीपर्यंत सांगता आली नाहीत, तो पोरगा पोर्शेचा अर्धशतकाचा इतिहास घडाघड म्हणायचा. १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात गाडीचं नाव ९०१ होतं, मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्युजोनं हक्क सांगितला, म्हणून शून्याचा एक झाला; हे तो असं सांगायचा की जणू भाऊबंदकीतला सातबारा सांगतोय. बाप दारात येऊन उभा राहिला की पडद्यावर वर्डची फाइल उघडायची, एवढं एक कौशल्य त्याला खेळाबाहेर शिकावं लागलं.

हीच पोरं आता चाळिशी ओलांडून गेली आहेत आणि त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. कपाटात एकास अठरा प्रमाणातल्या गाड्या. दरवाजे उघडतात, बॉनेट उघडतं, आत प्लगच्या वायरीसुद्धा दिसतात. धूळ झटकायला दाढीचा मऊ ब्रश. मुलांनी हात लावायचा नाही, पाहुण्यांनी बोट दाखवायचं पण काचेच्या अलीकडून. एका घरात ऐंशी ओलांडलेले आबा बराच वेळ त्या कपाटासमोर उभे होते.

‘‘हे काय होय?’’

‘‘आबा, ही नाइन-सेव्हन्टीन. सत्तर साली ल मान्स जिंकली.’’

‘‘चालते का?’’

‘‘नाही, शोची आहे.’’

‘‘मंग ओढाले दोरी काऊन नाही?’’

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत न्यायचा, घरोघर दाखवायचा आणि बोजारा गोळा करायचा. आबांच्या हिशेबानं पंचेचाळिशीतला नातू अजून तान्हा पोळाच खेळत होता. बोजारा तेवढा स्वतःच्या खिशातून देत होता.

या नाइन-सेव्हन्टीनची एक कथा आहे. ती प्रत्येक नव्या माणसाला ऐकवली जाते. १९६९चा नियम असा की ही असली गाडी शर्यतीत उतरवायची तर कंपनीनं आधी पंचवीस बनवून दाखवायच्या. मार्चमध्ये तपासणीवाले स्टुटगार्टला आले, तेव्हा तयार गाड्या तीन. अठरा अर्धवट जोडलेल्या, बाकीच्यांचे सुटे भाग. पोर्शेवाले म्हणाले, सगळं सामान हाजिर आहे, जोडायचंच काय ते बाकी. साहेब म्हणाले, जोडा आणि मग बोलवा. मग कंपनीत धांदल उडाली. मेकॅनिक कमी पडले तेव्हा ऑफिसातले कारकून, सेक्रेटरी बायका, ज्याच्या हाताला पाना लागेल तो कामाला जुंपला गेला. २१ एप्रिलला साहेब पुन्हा आले तर अंगणात पंचवीस पांढऱ्या गाड्या, खांद्याला खांदा लावून, एका ओळीत. त्यातल्या काही जेमतेम पहिल्या गिअरमध्ये चार हात सरकतील एवढ्याच होत्या. पण प्रमुख इंजिनिअर फर्डिनांड पीएख यांनी छाती ठोकून सांगितलं, कुठलीही निवडा आणि चालवून पाहा. साहेबांनी हात जोडले आणि सही केली.

ही कथा टपरीवर रंगात आली असताना एक निवृत्त गुरुजी शेजारी उभे होते. त्यांना पोर्शे म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण कथा त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळली. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर तीन दिवस शाळांची पटपडताळणी झाली होती. हजेरीपटावरची पोरं प्रत्यक्षात आहेत की नाहीत ते, बोटाला शाई लावून, मोजायला सरकार शाळेत शिरलं होतं, आणि त्या तीन दिवसांत काही गावांतली पोरं जेवढी फिरली तेवढी त्यांची सहलही कधी फिरली नव्हती. गुरुजींनी चहा संपवला आणि विचारलं, ‘‘त्याइनं गाड्याइले शाई लावली होती का?’’

‘‘नाही गुरुजी.’’

‘‘मंग पंचवीसच कायले, पन्नासबी दाखवता आल्या असत्या.’’

त्या पंचविसांनी पुढं नाव काढलं, ही गोष्ट वेगळी. १९७० साली हान्स हर्मान आणि रिचर्ड ॲटवूड या जोडीनं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकून पोर्शेला तिथलं पहिलं निर्विवाद विजेतेपद दिलं. हर्माननं बायकोला शब्द दिला होता की ही शर्यत जिंकली की थांबतो. जिंकला आणि खरंच थांबला. आमच्या मंडळींना हर्मानचा विजय तोंडपाठ आहे. शब्द पाळल्याचा भाग त्यांच्या सांगण्यात हटकून गळतो.

नाइन-सेव्हन्टीनच्या गिअरच्या दांड्याची मूठसुद्धा बाल्सा लाकडाची होती, वजन वाचावं म्हणून. वजन हा या भक्तांचा अत्यंत जिव्हाळ्याचा विषय; स्वतःचं सोडून. १९७३ची कॅरेरा आरएस घ्या. मागची सीट काढून टाकली, काच पातळ केली, दार उघडायला आतून कडीऐवजी चामड्याचा पट्टा लावला. समोसा तोंडात धरून हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. मात्र या विषयातलं आद्यपुराण १९३४चं. न्युर्बुर्गरिंगवर आयफेलची शर्यत, गाडीच्या वजनाची मर्यादा ७५० किलो, आणि आदल्या संध्याकाळी मर्सिडीज काट्यावर चढवली तर काटा म्हणतो ७५१. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी रात्रभर माणसं बसवून गाडीचा पांढरा रंग खरवडून काढला, खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा पडला, वजन बरोबर ७५० भरलं आणि जगाला रुपेरी बाण मिळाले. ही गोष्ट स्वतः नॉयबाउअरनीच पुढं रंगवून सांगितली, आणि जुने फोटो तपासणारे अभ्यासक म्हणतात की रंग खरवडल्याचा पुरावा काही सापडत नाही. आमच्या बैठकीत अभ्यासकांना मत नाही. या रुपेरी बाणांमागं हिटलरच्या सरकारचा पैसा होता, हेही तिथं आपणहून कोणी सांगत नाही. विचारलं तर चहा सांगतात.

ही गोष्ट मी एकदा कापसाच्या बाजारात सांगून पाहिली. तिथं ती कोणाच्या गळी उतरेना. रात्रभर जागून माल हलका करणारी जमात आमच्या काट्यावर कोणी पाहिलेली नाही. इथं गाडी काट्यावर चढायच्या आदल्या रात्री कापसावर दव जरा जास्तच पडतं.

ती कळली शंकरपटवाल्याला. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली, डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा वाट मोकळी केली, आणि मधली सात वर्षं विदर्भातल्या कित्येक गोठ्यांत शोककळा होती. पटाचा छकडा पाहिला आहे का? बसायला धड फळी नाही, धरायला कठडा नाही. नावापुरती दोन चाकं आणि त्यावर धुरकरी कसाबसा टेकलेला. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात आणि त्या एका भागावरून दोन गावांचं वर्षभर बोलणं बंद राहतं. त्यानं नॉयबाउअरची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली, मान डोलावली.

‘‘बरोबर हाय. वजन उतरवाच लागते. आमी तं पटाच्या आदल्या राती धुरकऱ्याले जेवनच देत नाही.’’

मग थोडा विचार करून म्हणाला, ‘‘पन रंग काहाडाले नोको होता. गाडीची निशानी जाते.’’

जर्मन गाड्यांच्या शर्यतीबद्दल इतकं मुद्द्याचं बोलणं मी बैठकीत कधी ऐकलेलं नाही.

पैशाची बाजू मात्र बाजारालाच कळते. मे २०२२मध्ये मर्सिडीजनं आपल्या संग्रहातली १९५५ची ३०० एसएलआर कुपे विकली. अशा बनल्याच होत्या दोन. किंमत आली साडेतेरा कोटी युरो, म्हणजे अकराशे कोटी रुपयांच्या आसपास. ही बातमी मी एका दलाल मित्राच्या कानावर घातली. त्यानं कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावला नाही. डोळे मिटले, ओठ हलले आणि म्हणाला, ‘‘लांब धाग्याच्या हमीभावानं धरला, ६,३८० रुपयांनी, तर सतरा लाख क्विंटल कापूस.’’ मग डोळे उघडून, ‘‘चालते का?’’

चालते म्हणजे काय! ही गाडी ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते इंजिनिअर रुडोल्फ ऊलेनहाउट ती स्वतः रोजच्या कामाला वापरत. म्युनिकहून स्टुटगार्टला, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, ते तासाभरात पोचल्याची आख्यायिका आहे. यवतमाळहून निघून नागपूर गाठायचं आणि तासाच्या आत अर्ध्या वाटेवर परतही यायचं.

‘‘अन् आता ज्यानं घेतली तो चालवते का?’’

‘‘बहुतेक नाही. जपून ठेवणार.’’

‘‘म्हंजे सतरा लाख क्विंटल गोडाऊनले पडून,’’ तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची वेदना उमटली. माल पडून राहणं त्याला कोणाच्याही बाबतीत सहन होत नाही.

बैठक पूर्णपणे पुरुषांची आहे, यावर एका वहिनींनी एकदा चांगला टोला हाणला. नवरोबा सकाळी सकाळी स्टर्लिंग मॉसचं पुराण लावून बसले होते. १९५५ची मिले मिलिया, इटलीतले सुमारे सोळाशे किलोमीटर उघड्या रस्त्यांवरून, दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, शेजारी दाढीवाला जेन्किन्सन वळणांची यादी कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर लिहून घेऊन बसलेला. वहिनी पोहे पुढं ठेवत म्हणाल्या, ‘‘तो मॉस राहू द्या. पहिली लांबची फेरी कोणी मारली ते सांगा पाहू.’’ आणि त्यांनीच सांगितलं. ऑगस्ट १८८८. कार्ल बेंझची बायको बर्था, दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मॅनहाइमहून फॉर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली, वायर उघडी पडली तिथं मोज्याचा बंद गुंडाळला, इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून द्रावण विकत घेतलं, ब्रेक झिजला तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ‘‘आणि तुम्ही,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘स्टेपनी बदलायला भाऊजींना फोन लावता.’’ पोहे त्या दिवशी निमूट खाल्ले गेले.

समजा, उद्या खरंच एखादी आली तर? या ‘समजा’वर बैठकीचे उन्हाळेच्या उन्हाळे गेले आहेत. कायद्याची अडचण आता तेवढी उरलेली नाही. पन्नास वर्षांहून जुनी गाडी परदेशातून आणायची वाट २०२५मध्ये सरकारनं मोकळी केली. म्हणजे १९७३ची कॅरेरा आरएस आता वयात बसते. कर गाडीच्या किमतीलाही लाजवेल एवढा आहे, पण निर्गुण भक्ताला कराचं भय नसतं. आली, एमएच-२९च्या आरटीओत नोंद झाली, व्हिंटेजची वेगळी पाटीही लागली असं धरू. पहिला मान कळंबच्या चिंतामणीचा. आमच्याकडं नवी गाडी आधी तिकडं जाते. इथं पहिला पेच पडतो. देवळातले पुजारी विचारणार, नारळ कुठं फोडू? इंजिनासमोर. इंजिन मागं आहे. मग हार मागं घालायचा का? मागं घातला तर देवाकडं पाठ येते. पुढं घातला तर पूजा डिक्कीची होते. यावर बैठकीत दोन तट पडलेले आहेत, आणि तोडगा निघेपर्यंत गाडी न आलेलीच बरी असं दोन्ही तटांचं मत आहे.

दुसरा पेच गतिरोधकांचा. आमच्याकडं जो उठतो तो आपल्या घरासमोर गतिरोधक घालून घेतो, आणि त्याची उंची त्याच्या वजनावर ठरते. पंजा मावेल एवढ्या उंचीवर पोट असलेली गाडी त्यावरून कशी काढायची? एकाचं म्हणणं, तिरकी काढायची. दुसऱ्याचं, चार माणसं बरोबर ठेवायची आणि उचलून पलीकडं ठेवायची. वजन हजार किलोच्या आतबाहेर आहे, बालाजीच्या रथाहून जड नाही. वेगाची हौस भागवायला समृद्धी महामार्ग आहे. तो जिल्ह्याला वळसा घालून गेला, पण धामणगावच्या बाजूनं गाठता येतो. तिथं मर्यादा ताशी १२०. दोनशे चाळीसला पळणारी गाडी सतरा लाख क्विंटलच्या थाटात आणायची आणि निम्म्या वेगानं, डाव्या बाजूनं ट्रक ओव्हरटेक करतोय ते पाहत चालवायची. आणि टोलनाक्यावर थांबलं की खिडकीतून डोकं घालून विचारला जाणारा प्रश्न तर ठरलेलाच आहे. तो या लेखाच्या डोक्यावर दिला आहे.

तो प्रश्न तुच्छ मानण्याची बैठकीत रीत आहे. मला तसं वाटत नाही. ज्या जिल्ह्यात पाऊस, भाव आणि बोंडअळी यांतलं काहीच आपल्या हातात नाही, तिथं लिटरमागं किती जाते ही एकच गोष्ट माणसाला आधी विचारून घेता येते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. जर्मन गाडी इथं आलीच नाही, हे जे सुतक चाललं आहे, तेच मुळात खोटं आहे. ती कधीचीच आली आहे, फक्त तिनं चड्डी-बनियन घातलेलं आहे. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४चा. पंधरा वर्षं जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. जिनिंग-प्रेसिंगमधून रुईच्या गाठी वाहून नेणारे ट्रक तो तारा मिरवत यवतमाळच्या रस्त्यांवरून जात. ताऱ्यावर चिखल, ताऱ्याला लिंबू-मिरची, आणि ताऱ्याखाली पंक्चर काढणारा क्लीनर. टेम्पो ही कंपनी मूळची हॅम्बुर्गची. पुण्याच्या फिरोदियांनी ती इथं आणली आणि मॅटाडोरमध्ये बसून आमच्या अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लागली. आणि काळीपिवळी? घाटंजी, पांढरकवडा, दारव्हा, जिकडं एसटी वेळेवर जात नाही तिकडं भरभरून जाणारी ती ट्रॅक्स. तिचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनाचं परवान्यावर इथं बनलेलं भावंड. तेच इंजिन जर्मनीत २४०डी मोटारीत बसायचं आणि तिथले टॅक्सीवाले ती लाखो किलोमीटर पळवायचे. तिथं टॅक्सीत चार माणसं बसत. आमच्याकडं चार माणसं ड्रायव्हरच्या शेजारी बसतात, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर असतो आणि गिअर टाकायचा झाला की मधल्याला म्हणतो, ‘‘काकाजी, जरा पाय घ्या.’’ मग मागं दोन बाकांवर दाटीवाटीनं आठ-दहा, टपावर कोंबड्यांचं खुराडं आणि मागच्या पायरीवर शाळेची पोरं लटकलेली. न्युर्बुर्गरिंगच्या काट्यावर ही चढवली असती तर नॉयबाउअर साहेबांना रंगच काय, काकाजीही खरवडावे लागले असते. आणि तरी ती चढण चढते. या इंजिनासमोर आमच्या मंडळींपैकी कोणी एकदाही हात जोडलेले मी पाहिले नाहीत. उलट जागा मिळाली नाही तर ते तिला शिव्या घालतात आणि मोबाइलवर ३०० एसएल पाहत पुढच्या गाडीची वाट बघतात.

आर्णी रोडला एक डिझेलचे मिस्तरी आहेत. जिल्ह्यातल्या निम्म्या काळीपिवळ्यांची नाडी त्यांच्या हातात. हा शोध मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितला. ‘‘मिस्तरी, तुम्ही आयुष्यभर मर्सिडीजच दुरुस्त करून राहिले.’’

त्यांनी पान्यावरचं ऑइल पुसलं. ‘‘म्हनूनच पार्ट महाग हायेत साल्याचे.’’

माझ्याबरोबर त्या दिवशी पोर्शे पंथाचे दोघं होते. त्यांच्यानं राहवलं नाही. एकानं मोबाइल काढला, १९७३च्या आरएसचा आवाज लावला आणि फोन मिस्तरींच्या कानाशी धरला. बैठकीत हा आवाज सुरू झाला की सगळे डोळे मिटतात. मिस्तरींनीही मिटले. पण वेगळ्या कारणानं.

‘‘याचे टॅपेट वाजून रायले.’’

पोर्शेवाला दुखावला. ‘‘मिस्तरी, तो त्या इंजिनाचा सूर आहे. जग वेडं आहे त्या सुरासाठी.’’

‘‘सूर नाही भाऊ, टॅपेट. सेटिंग करा लागते. हवेचं इंजिन हाय ना? त्याचे वाजतेच. किती किलोमीटर झाले?’’

हवेवरच्या जुन्या ९११चे टॅपेट ठराविक अंतरानंतर सेट करावे लागतात, हे कंपनीच्या सर्व्हिसच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. पोर्शेवाल्याला ते पाठ होतं. त्यामुळे त्याला पुढं बोलता येईना. मिस्तरींनी आता फोन स्वतःच्या हातात घेतला होता आणि आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला होता.

‘‘कार्बोरेटर नाही दिसत. पंप हाय का?’’

‘‘हो. बॉशचा. मेकॅनिकल पंप.’’

‘‘मंग मायकोच म्हना ना! बॉश अन् मायको एकच. नाशिकले फॅक्टरी हाय त्याची. आपल्या डिझेलच्या पंपाचाच भाऊ असन तो.’’ होता तसाच. आतली रचना डिझेलच्या पंपाचीच, फक्त पेट्रोल पाजलेलं. दोघं पोर्शेवाले एकमेकांकडं पाहायला लागले. मिस्तरींनी फोन परत दिला, वाकून खालच्या काळीपिवळीच्या इंजिनात हात घातला आणि आतूनच म्हणाले, ‘‘घेऊन या एक दिवस, लावून देतो. पन सोमवारी नोका आनू. सोमवारी या लोकाइची गर्दी रायते.’’